चमत्काराच्या आधीचा अध्याय : मेंदूवैविध्य आणि इंदूरचा मराठी उपासक समाज

ज्यांचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या रीतीने ऐकतो, पाहतो, स्पर्श जाणतो, लक्ष देतो, शिकतो आणि व्यक्त होतो, अशा माणसांना उपासक समाजात आज कोणते स्थान मिळते आणि कोणते मिळायला हवे, हा या ग्रंथाचा विषय आहे. उपासक समाज या शब्दाने येथे केवळ मंदिराची वास्तू किंवा तिचे विश्वस्त मंडळ अभिप्रेत नाही. एका दैवताभोवती, गुरुपरंपरेभोवती किंवा ग्रंथाभोवती नियमाने जमणारी आणि आरती, पारायण, उत्सव, महाप्रसाद यांच्या निमित्ताने एकमेकांच्या सुखदुःखात सामील होणारी सगळी माणसे त्यात धरली आहेत. वेगळ्या घडणीच्या मेंदूची माणसे अलीकडे ‘न्यूरोडायव्हर्जंट’ या नावाने ओळखली जातात. त्यांत स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असलेल्या व्यक्ती येतात, ज्यांना इतरांशी संवाद साधणे आणि न बोललेले सामाजिक संकेत ओळखणे अवघड जाते व ज्यांना ठरलेला क्रम आणि पुनरावृत्ती यांची ओढ असते. अवधान टिकवणे आणि शरीर स्थिर ठेवणे कठीण जाते अशा, म्हणजे एडीएचडी असलेल्या व्यक्ती येतात. बुद्धी उत्तम असूनही वाचन-लेखनात अडखळणाऱ्या, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या व्यक्ती येतात. आणि बौद्धिक विकासाची गती मंद असलेल्या अनेक व्यक्तीही या विचाराच्या कक्षेत येतात. या भेदांकडे मानवी वैविध्याचा एक भाग म्हणून पाहणारी ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संकल्पना १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑटिस्टिक व्यक्तींच्या आपापसांतील विचारविनिमयातून घडली, आणि ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्यूडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात तिची मांडणी केली. तिच्यासाठी येथे मेंदूवैविध्य हा शब्द योजला आहे.

या संकल्पनेचा स्वीकार करताना एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. मेंदूवैविध्य मान्य करणे म्हणजे अडचण नाकारणे नव्हे. ज्या मुलाला तहान लागली आहे हेही सांगता येत नाही त्याचे कष्ट खरे असतात, त्याच्या आईवडिलांची झोपमोड खरी असते, आणि वाचा-उपचार, व्यवसायोपचार, विशेष शिक्षण यांची गरजही खरी असते. परंतु उपचारांचे फळ दिसेपर्यंत त्या मुलाने समाजाबाहेर थांबावे, असे त्यातून निघत नाही. माणसाचे उपासनेतले स्थान त्याच्या सुधारणेवर अवलंबून ठेवू नये, हे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे आणि पुढील सर्व विवेचन त्याच्या आधाराने उभे आहे.

हा प्रश्न कोणत्याही गावात विचारता आला असता; तो इंदूरमध्ये विचारण्याला कारण आहे. होळकरांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी या शहरात आपली भाषा संस्थांच्या आधाराने टिकवली. १९१५ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य सभा आणि १९१७, १९३५ व २००१ या वर्षी येथे भरलेली मराठी साहित्य संमेलने ही त्या प्रयत्नांची ठळक उदाहरणे होत. परंतु भाषा रोजच्या वापरात राहिली ती घरोघरीच्या आणि गल्लीतल्या उपासनेमुळे. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांमधला गणेशोत्सव, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, दत्तजयंतीचा सप्ताह, गुरुचरित्राची पारायणे हे सारे मराठी कानावर पडण्याचे आणि तोंडात बसण्याचे हक्काचे प्रसंग आहेत. वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामी यांचे शिष्य नाना महाराज तराणेकर (१८९६–१९९३) यांच्यामुळे इंदूर हे दत्तभक्तीचे मोठे केंद्र बनले, आणि टेंबे स्वामींनी रचलेली करुणात्रिपदी आज येथील असंख्य घरांत रोज संध्याकाळी म्हटली जाते. शाळा हिंदी किंवा इंग्रजी, बाजार हिंदी, कचेरी हिंदी, अशा शहरात मराठी मुलाला आजीआजोबांची भाषा भेटते ती बहुधा आरतीच्या ताटापाशी.

त्यामुळे ज्या मुलाला आरतीला नेणे थांबते त्याचे येथे दुहेरी नुकसान होते. एक तर दैवताशी आणि नातलगांशी असलेला संबंध तुटतो; दुसरे म्हणजे घरची भाषाच हातची जाते. उशिरा बोलणाऱ्या मुलाशी एकाच भाषेत बोला, असा सल्ला बहुभाषिक शहरांतल्या पालकांना पुष्कळदा मिळतो आणि ती एक भाषा साहजिकच शाळेची ठरते. ऑटिस्टिक मुलांच्या बोलण्याला दोन भाषांमुळे अधिक विलंब होत नाही, असे या विषयावरील अभ्यास दाखवत आले आहेत. तरीही सल्ला चालू राहतो, आणि आजी ज्या भाषेत देवाचे नाव घेते ती भाषा नातवाच्या वाट्याला येत नाही. महाराष्ट्रातल्या मराठी कुटुंबाला या नुकसानीची एवढी तीव्र जाणीव होणार नाही. माळव्यातल्या कुटुंबाला ती होते, कारण तेथे मंडळ सुटले की बरेच काही सुटते.

मंडळ का सुटते हे समजून घ्यायचे तर सार्वजनिक गणपतीची संध्याकाळची आरती त्या मुलाच्या इंद्रियांनी अनुभवावी लागेल. चपला बाहेर काढल्यामुळे तळव्यांना ओल्या, थंड फरशीचा स्पर्श होतो. मंडपातली दिव्यांची माळ लुकलुकत असते, उदबत्ती, कापूर, झेंडू आणि माणसांचा घाम यांचे वास एकात एक मिसळलेले असतात. मग एकाच क्षणी घंटा, झांजा, ढोलकी, टाळ्या आणि स्पीकर सुरू होतात. दाटीमुळे दोन्ही बाजूंनी खांदे आणि कोपर लागत राहतात. आरती संपली की निरांजनाची ज्योत चेहऱ्याजवळ येते, कोणी ओल्या बोटाने कपाळाला गंध लावते, तळहातावर चिकट पंचामृत पडते, आणि तेवढ्यात एखादे ओळखीचे हात गाल ओढून नाव विचारतात आणि उत्तर आले नाही की “का रे, बोलत नाहीस?” असे पुन्हा विचारतात. बहुतेकांचा मेंदू यांतली नको ती संवेदना आपोआप मागे सारतो आणि हवी ती पुढे आणतो. ऑटिस्टिक व्यक्तीच्या मेंदूत ही निवड अनेकदा होत नाही, त्यामुळे सगळे एकाच तीव्रतेने येऊन आदळते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली तेव्हा संवेदनांना मिळणारा हा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद ऑटिझमच्या लक्षणांत प्रथमच स्पष्टपणे नोंदवला. मूल कानांवर हात ठेवते, झुलते, एकसुरी गुणगुणते किंवा मंडपाबाहेर धाव घेते. झुलणे आणि गुणगुणणे हा बाहेरच्या माऱ्यातून स्वतःला सावरण्याचा त्याचा उपाय असतो. आजूबाजूच्यांना मात्र तो हट्ट वाटतो, आणि आईवडिलांकडे वळलेल्या नजरा त्यांना पुढच्या वर्षी घरीच राहायला शिकवतात.

याच आरतीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष गेले आहे. गणपतीची, देवीची, शंकराची, विठ्ठलाची आणि शेवटी मंत्रपुष्पांजली हा क्रम बदलत नाही. चाल बदलत नाही. कोणत्या कडव्याला टाळ्यांचा वेग वाढणार हे आधीपासून ठाऊक असते. ज्याला अनपेक्षिताची भीती वाटते त्याला असा निश्चित क्रम आधार देतो. साधे वाक्य न बोलणारे मूल चालीवर संपूर्ण आरती म्हणते, हा अनेक पालकांच्या आणि विशेष शिक्षकांच्या परिचयाचा अनुभव आहे. जप, टाळ, प्रदक्षिणा, माळेचा मणी पुढे सरकवणारे बोट, यांत पुनरावृत्तीला साधनेचा मान आहे. म्हणजे जी पुनरावृत्ती शाळेत दोष ठरते तिला उपासनेत आधीपासूनच जागा आहे. अडथळा उपासनेच्या गाभ्यात नाही. तो तिच्याभोवती साचलेल्या गोंगाटात, दाटीत आणि टोकणाऱ्या शब्दांत आहे, आणि तो बराचसा दूर करता येण्याजोगा आहे.

अनुपस्थितीची मोजदाद सहसा होत नाही, कारण जो येत नाही त्याची नोंद कोणत्याच वहीत नसते. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू व्हाइटहेड यांनी २००३ ते २०१२ या काळातल्या तीन राष्ट्रीय बालआरोग्य सर्वेक्षणांच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही मोजदाद केली. ऑटिझम असलेले मूल प्रार्थनास्थळी कधीच न जाण्याची शक्यता इतर मुलांच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट असल्याचे त्यांना आढळले; दमा, मधुमेह यांसारखे शारीरिक आजार असलेल्या मुलांच्या बाबतीत असा मोठा फरक नव्हता. जे व्यंग संवाद आणि सहवास यांच्या आड येते त्याच्यासाठी दार अधिक घट्ट बंद होते, असा याचा अर्थ. चर्चचा अनुभव मंदिराला जसाच्या तसा लागू करता येणार नाही, परंतु प्रश्न कोठे शोधावा हे त्यावरून कळते. भारतात अशा मुलांची संख्या लहान नाही. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या २ ते ९ वर्षांच्या मुलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे १२ टक्के मुलांना मज्जासंस्थेच्या विकासाशी संबंधित किमान एक अडचण असल्याचे दिसले. या संख्येत श्रवणदोष आणि अपस्मारही धरले आहेत, म्हणून ती सगळीच या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही. तरीही प्रत्येक मंडळाच्या परिसरात अशी काही घरे असणारच, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

परंपरेने या माणसांना आजवर मुख्यतः तीन स्थाने दिली आहेत. पहिले बाधिताचे. न बोलणाऱ्या, एकटे हसणाऱ्या, अचानक ओरडणाऱ्या माणसाला कोणी झपाटले आहे असे समजून त्याला गाणगापुरासारख्या क्षेत्री नेण्याची प्रथा जुनी आहे. मंदिराने अशा कुटुंबांना निदान आत घेतले, ही गोष्ट नाकारता येत नाही. ज्या काळी दुसरे कोणतेही दार उघडे नव्हते त्या काळी तो मोठाच आसरा होता. परंतु बाधेची कल्पना साखळीपर्यंत पोचते तेव्हा काय घडते हे तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका निवासात साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे आगीत मरण पावली, कारण त्यांना पळता आले नाही. दुसरे स्थान देवत्वाचे. ज्याचे वागणे उमगत नाही त्याच्या ठायी दैवी शक्ती मानून त्याच्या पाया पडायचे, त्याच्या हावभावांतून कौल शोधायचा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने या दोन्ही टोकांची दखल घेतली आहे: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे-मारणे जसे त्यात गुन्हा ठरते, तसेच मतिमंद व्यक्तीच्या अंगी अलौकिक शक्ती असल्याचे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणेही गुन्हा ठरते. मध्य प्रदेशाला तो कायदा लागू नाही. तरी त्यातली जाण इंदूरच्याही उपयोगाची आहे. तिसरे स्थान दयापात्राचे. वर्षातून एकदा विशेष शाळेत फळे आणि मिठाई वाटणारा समाज याच मुलांना आपल्या पंगतीत बसवत नाही, तेव्हा त्याच्या दयेत अंतर राखलेले असते. बाधित, देव आणि दयापात्र या तिन्ही स्थानांत एक उणीव समान आहे: त्यांतल्या कोणत्याही माणसाची मंडळाच्या कामात पाळी लागत नाही, आणि तो आला नाही तर त्याच्यावाचून काही अडत नाही.

या ठिकाणी दत्तसंप्रदायाच्या मूळ ग्रंथाकडे वळणे अपरिहार्य आहे, कारण सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’त न शिकणारी आणि न बोलणारी मुले एकदा नव्हे, तीनदा भेटतात, आणि इंदूरच्या घराघरांत सात दिवसांच्या पारायणात त्यांच्या कथा वर्षानुवर्षे वाचल्या जातात. आठव्या अध्यायात एका ब्राह्मण स्त्रीचा मुलगा मंदबुद्धी आहे. वडील शिकवताना त्याला मारतात, वडिलांच्या मागे मायलेक भिक्षेवर जगतात, आणि लोकांची कुचेष्टा असह्य होऊन दोघेही कृष्णेत जीव द्यायला निघतात, तेव्हा कुरवपुरी श्रीपाद श्रीवल्लभ त्यांना अडवतात आणि मुलगा विद्वान होतो. अकराव्या अध्यायात कारंज्याच्या माधव आणि अंबा यांचा मुलगा नरहरी, म्हणजे पुढचे नृसिंह सरस्वती, जन्मल्यापासून ओंकाराखेरीज काही उच्चारत नाही. मुंजीनंतर तो वेद म्हणू लागतो. सतराव्या अध्यायात करवीरच्या एका पंडिताचा पोरका मुलगा पाठांतर जमत नाही म्हणून हिणवला जातो, भिलवडीला भुवनेश्वरीपुढे आपली जीभ कापून ठेवतो, आणि पलीकडच्या तीरावर औदुंबराखाली त्याला वाणी व ज्ञान मिळते.

तिन्ही कथा कृपेने संपतात, आणि पारायणाला बसलेल्या श्रोत्याचे लक्ष त्या शेवटाकडे असते. ज्या आईचे मूल बोलत नाही ती मात्र हे अध्याय निराळ्या कानांनी ऐकते. तिच्या मनात चमत्काराची आशा जागी होते, आणि चमत्कार झाला नाही की आपल्या भक्तीत उणे राहिले असे तिला वाटू लागते. म्हणून या कथांचा चमत्काराच्या आधीचा भाग थांबून वाचण्याची गरज आहे. तेथे ग्रंथकाराने समाजाचे वर्तन नोंदवले आहे: आठव्या अध्यायातल्या मायलेकांना नदीकडे ढकलते ती लोकांची जीभ, सतराव्या अध्यायातल्या मुलाच्या हातात सुरी येते ती हेटाळणीमुळे. अकराव्या अध्यायात आणखी मोलाची गोष्ट आहे. मूल बोलत नाही, पण खुणा करते. मुंज केली की बोलेन, असे ते खुणांनीच सुचवते, आणि आईवडील त्या खुणा वाचतात. मुक्या मुलाला मंत्र कसा शिकवणार, असे गावकरी आपापसांत म्हणत असतात, तरी माधव सर्वांना बोलावून मुंज करतो. संस्कार आधी होतो, वाणी नंतर येते. खुणेला भाषा मानणे आणि संस्काराचा हक्क बोलण्याच्या आधी मान्य करणे या दोन गोष्टी संप्रदायाच्या मूळ ग्रंथातच आहेत. आज चित्रपत्रांनी किंवा टॅबलेटवरील चित्रांना बोट लावून बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत हाच न्याय लावायला कोणत्याही नव्या शास्त्राधाराची आवश्यकता नाही.

मराठीच्या आरंभकाळातले आणखी एक उदाहरण या विवेचनाला बळ देते. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू, ज्यांना महानुभाव पंथ चक्रधरांचे गुरू आणि परमेश्वराचा अवतार मानतो, त्यांचे वागणे रूढ मर्यादांत न बसणारे होते. ते स्वतःशीच बोलत, हसत, कोणाच्याही घरात शिरून वाटेल ते खात, लहान मुलांसारखे खेळत, आणि शिवाशिव जुमानत नसत. तेराव्या शतकातल्या त्यांच्या या लीळा पंथातल्या म्हाइंभटांनी गोविंदप्रभूंच्या सहवासातल्या माणसांच्या आठवणींतून गोळा केल्या. गोविंदप्रभूंना आजच्या वैद्यकातले कोणतेही नाव चिकटवणे अनुचित ठरेल, आणि ते येथे केलेले नाही. अभ्यासाचा विषय त्यांचे मन नाही, त्यांच्याभोवतीची माणसे आहेत. या माणसांनी गोविंदप्रभूंच्या लहरीप्रमाणे दिवसाची आखणी केली, ती त्यांच्या बोलण्याचा अर्थ लावत राहिली, आणि गोविंदप्रभूंना लग्नाची लहर आली तेव्हा पंथातल्या महदाइसेने त्या प्रसंगासाठी धवळे म्हणजे विवाहगीते रचली. मराठीतले एक आद्य काव्य अशा जुळवून घेण्यातून जन्माला आले. मात्र ऋद्धिपूरने त्यांना सामावून घेतले ते ईश्वर मानून. ज्याच्या ठायी कोणी ईश्वर पाहत नाही अशा साध्या माणसालाही तेवढीच सवलत मिळावी, ही अपेक्षा त्याहून कठीण आहे आणि ती आजच्या समाजाकडून आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातल्या जडभरताच्या कथेलाही हीच मर्यादा आहे: त्याला पालखीला जुंपून खडसावणारा राजा रहूगण पालखीतून उतरून त्याच्या पाया पडतो तो त्याचे ज्ञान उघड झाल्यावर. ज्याच्यापाशी प्रकट होण्याजोगे गुप्त ज्ञान नाही, त्याला पालखीला जुंपून खडसावणे तेवढे योग्य ठरते का, असा प्रश्न प्रवचनकारांनी विचारला पाहिजे.

आईवडिलांवर येणाऱ्या दोषाचा विचारही येथे टाळता येत नाही. पूर्वजन्मीचे पाप, गरोदरपणी पाळले न गेलेले ग्रहण, कुळाचाराची हेळसांड अशी कारणे मंदिराच्या ओसरीवर सहज सुचवली जातात, आणि ती सुचवणाऱ्याला आपण सांत्वन करत आहोत असेच वाटत असते. परंतु हा दोष केवळ श्रद्धावानांनीच दिला असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य मानसशास्त्रानेही आईच्या भावनिक थंडपणामुळे ऑटिझम होतो असे सांगितले. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथातून तो समज दूरवर पसरवला, जरी स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्येच त्याचे खंडन केले होते. विज्ञानाने आपली ती चूक मागे घेतली. ऑटिझमच्या मुळाशी मोठ्या प्रमाणावर आनुवंशिक घटक आहेत आणि पालकांच्या वागण्याने तो होत नाही, हे आज निर्विवाद आहे. कर्मसिद्धांत मानणाऱ्यालाही दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब मांडण्याचा अधिकार मिळत नाही, एवढा विवेक परंपरेत आहेच. तो ओसरीवरच्या बोलण्यात उतरायला हवा.

कायद्याने या बाबतीत समाजाच्या पुढे पाऊल टाकले आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात जड, उन्मत्त आणि मुके यांना दायभागातून वगळले आहे. १९२८ च्या कायद्याने रोग किंवा व्यंग यांमुळे येणारी ही अपात्रता पुष्कळ अंशी दूर केली, तरी जन्मतः वेड्या किंवा जड व्यक्तीला वगळणे चालूच ठेवले; १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २८ ने तेही संपवले. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता यांचा समावेश आहे, आणि त्याच कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक इमारतींमध्ये धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात. सुगम्यतेचे किमान निकष केवळ शिफारशीपुरते न राहता बंधनकारक असावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतूडी प्रकरणी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पष्ट केले. तरीही सुगम्यता म्हटली की विश्वस्तांच्या डोळ्यांपुढे उतार आणि चाकांची खुर्ची येते. ज्याचे व्यंग दिसत नाही अशा वीस वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या तरुणाला दिव्यांगांच्या रांगेत पाहून रखवालदार हटकतो, आणि त्याच्या वडिलांना भर गर्दीत प्रमाणपत्र काढून दाखवावे लागते. वडिलोपार्जित मालमत्तेतला वाटा कायदा मिळवून देऊ शकतो. उपासनेतला वाटा मात्र समाजालाच द्यावा लागतो.

तो देण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. उत्सवाचा कार्यक्रम वेळेसह आधी कळवणे आणि कळवलेली वेळ पाळणे. आरती कशी होते हे क्रमाने दाखवणारी चार-सहा छायाचित्रे पालकांना आधी पाठवणे, म्हणजे मुलाची घरीच तयारी होते. दहा दिवसांतली एखादी आरती स्पीकर आणि झांजांशिवाय, मंद दिव्यांत, थोड्या माणसांत करणे. दाराजवळची जागा आणि बाहेर पडायची वाट मोकळी ठेवणे. मन शांत करायला ओसरीचा एखादा कोपरा किंवा लगतची खोली राखणे. पंचामृताऐवजी खडीसाखर किंवा फुटाण्यांचा कोरडा प्रसाद मागता येईल अशी सोय करणे. विचारल्याशिवाय गंध न लावणे आणि डोक्यावर हात न ठेवणे. कानावर हेडफोन लावून बसलेल्या मुलाला न हटकणे. स्पीकरच्या आवाजावर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचे बंधन आहेच. ते पाळले तरी वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले यांचाही दुवा मिळेल. इंदूरला सवयी बदलणे अवघड आहे असे कोणी म्हणू नये. ज्या शहराने घरोघरी ओला-सुका कचरा वेगळा करण्याची शिस्त अंगी बाणवून २०१७ पासून सलग सात वर्षे देशातल्या स्वच्छतेच्या सर्वेक्षणात पहिला क्रमांक राखला, त्या शहराला आरतीचा आवाज कमी करणे जड जाऊ नये.

सोयींच्या पुढची पायरी कामाची आहे, आणि या ग्रंथाचा सर्वाधिक भर तिच्यावर आहे. ज्याला वस्तू ओळीत मांडायला आवडतात तो जोडेघरात क्रमांकाने चपला लावू शकतो. ज्याची आकड्यांची स्मृती पक्की आहे तो पारायणाच्या अध्यायांची आणि वाचकांच्या पाळ्यांची नोंद ठेवू शकतो. ज्याला एका जागी बसवत नाही तो पंगतीत पाणी वाढू शकतो. वाचताना अडखळणारी मुलगी दूर्वांच्या जुड्या बांधू शकते किंवा ऐकून पाठ केलेले स्तोत्र म्हणू शकते. हे काम कौतुकासाठी दिलेले नसावे. ते खरे असावे, ते न झाल्यास उत्सवाला उणेपण यावे, आणि ते चुकले तर इतरांना सांगतात तसे समजावून सांगितले जावे. येथे मोठ्या माणसांचा विसर पडता कामा नये. मुले मोठी होतात, आईवडील थकतात, आणि आमच्यामागे याचे कोण, हा प्रश्न प्रत्येक घरात उभा राहतो. पंचवीस वर्षे ज्या मंडळात माणूस काम करत आला आहे, त्या मंडळातल्या कोणाला तरी त्याच्या सवयी, त्याची औषधे आणि त्याची भीती ठाऊक असते. कोणतीही सरकारी योजना अशी ओळख निर्माण करू शकत नाही. त्याचबरोबर बालपणी निदान न झालेल्या आणि आयुष्यभर इतरांसारखे वागण्याची शिकस्त करत आलेल्या प्रौढ स्त्रियांचाही विचार व्हायला हवा, कारण हळदीकुंकवाच्या गर्दीत त्यांना होणारा त्रास भिडस्तपणाच्या किंवा तुसडेपणाच्या नावाखाली झाकला जातो.

स्वागताला नियमांची जोडही हवी. फ्रान्समध्ये १९६४ मध्ये ज्याँ व्हानिए यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसोबत एका घरात राहण्याचा लार्श हा उपक्रम सुरू केला, तो जगभर पसरला आणि १९७० मध्ये बंगळुरूतही पोचला. सहजीवनाच्या या कल्पनेने जगातल्या अनेक धर्मसमुदायांना दिशा दिली. व्हानिए यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, त्याच संस्थेने करवलेल्या चौकशीतून त्यांनी आध्यात्मिक अधिकाराचा गैरवापर करून अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले. संस्थेने ते स्वतः जाहीर केले आणि उपक्रम चालू ठेवला. त्या स्त्रिया अक्षमता असलेल्या नव्हत्या. परंतु ज्यांना नकार देणे किंवा घडलेले सांगणे अवघड जाते त्यांच्या बाबतीत अशा प्रसंगाची शक्यता किती वाढते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून कोणाच्या साधुत्वावर विसंबून व्यवस्था उभी करू नये. एकट्या स्वयंसेवकाच्या हाती कोणाला न सोपवणे, तक्रारीसाठी ठरलेली माणसे नेमणे आणि पालकांना केव्हाही येऊन पाहता येणे, हे नियम स्वागताचाच भाग आहेत.

ग्रंथाची व्याप्ती मुख्यतः इंदूरच्या मराठी हिंदू उपासक समाजापुरती आहे. शहरातल्या जैन, बोहरा, शीख आणि ख्रिस्ती समाजांच्या प्रथांचा उल्लेख तुलनेपुरता येतो, कारण प्रत्येक समाजाचा अभ्यास त्याच्या आतल्या माणसाने करावा हे उचित. उपचारपद्धतींची चिकित्सा हाही ग्रंथाचा हेतू नाही. विश्वस्त, प्रवचनकार, पुजारी, मंडळांचे कार्यकर्ते आणि पालक हा त्याचा वाचकवर्ग आहे, आणि मेंदूवैविध्य असलेल्या व्यक्तींनी तो वाचून त्यातल्या उणिवा दाखवाव्यात अशी त्यांना आग्रहाची विनंती आहे, कारण या विषयातला अंतिम अधिकार त्यांचा आहे.

एखाद्या मंडळाने स्वागत साधले की नाही, हे ओळखण्याची कसोटी साधी आहे. मंडळाच्या पाळ्यांच्या यादीत अशा व्यक्तीचे नाव आहे काय, ती एक दिवस आली नाही तर संध्याकाळपर्यंत तिच्या घरी कोणी चौकशी करते काय, आणि ती आरतीत मोठ्याने गुणगुणली तर शेजारचा माणूस मागे न पाहता आपली आरती चालू ठेवतो काय, हे तीन प्रश्न प्रत्येक कार्यकारिणीने वर्षातून एकदा स्वतःला विचारावेत. गुरुचरित्रातल्या त्या मुलांना कृपा लाभली तो भाग ईश्वराच्या अखत्यारीतला आहे. तिच्या आधीचा सारा काळ, ज्यात माणसे आपल्या शेजाऱ्याशी कशी वागली हे ठरते, तो समाजाच्या अखत्यारीतला आहे, आणि त्या काळाची जबाबदारी इंदूरच्या मराठी समाजाने आपलीच मानून उचलावी, यासाठी हा सारा लेखनप्रपंच आहे.